ऑरिनच्या वहीतला संघ

पोर्ट एल्डन, ओहायो
१२ एप्रिल

प्रिय रसेल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, डावा गुडघा तेवढा कुरकुरतो. सरोवरावरचा बर्फ यंदा लवकर फुटला. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, ते दुरुस्त करून घेतलं. तू आणि तुझा नातू मायका सुखरूप असाल अशी आशा आहे.

तीन वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, तूही मला लिहिल्या नाहीस. एकाच आईची लेकरं आपण, हट्टात कोण कमी? ते राहू दे. मला एक विचारायचंय, म्हणून लिहायला बसले.

परवा हेरन्सचा, आपल्या बेसबॉल संघाचा, घरच्या मैदानावरचा पहिला सामना झाला. ऑरिन जाऊन तीन वर्षं झाली, तरी आपल्या रांगेतल्या दोन्ही जागा मी अजून सोडलेल्या नाहीत, माझी आणि तुझ्या मेहुण्याची. संघ म्हणे नव्याने बांधताहेत. पाच वर्षं नुसता पाया खणताहेत, भिंत काही दिसत नाही. मैदानावरच्या नवांपैकी सात जणांना धड मिसरूड फुटलेलं नाही. पुढच्या रांगेतला गस तुला आठवत असेल, बाटल्यांच्या कारखान्यात ऑरिनच्या हाताखाली होता तो. तो सारखा मागे वळून मला डिवचत होता.

"वर्नाबाई, जरा धीर धरा! दोन वर्षांत ही पोरं आग लावतील."

"मैदानालाच लावतील," मी म्हटलं. "सरळ वर गेलेला चेंडू दोघांच्या मधे पडला आणि दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिले. आपला जुना होलिस असता तर डोळे मिटून झेलला असता."

"होलिस, होलिस! अहो, त्याचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट होते."

जागा दाखवणारा म्हातारा टूमी माझ्या बाजूने आला. "गस, नव्याचे नऊ दिवस असतात रे," म्हणाला. तर गस म्हणतो, "मग आपले अजून सातच झालेत, टूमी!" सगळी रांग हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

आता विचारायचं ते. ऑरिनची सामने टिपायची वही मी त्याच्या खुर्चीवर ठेवते. कुणी तिथे बसू नये म्हणून, दुसरं काही नाही. मला त्या चौकोनांतलं अक्षरही लिहिता येत नाही. पेन्सिल आतच अडकवलेली असते. सामना संपल्यावर वही उचलली तर पान भरलेलं होतं. नऊच्या नऊ डाव. अगदी ऑरिन काढायचा तसा वरून उघडा चार, पोटात आडवी रेघ असलेला सात. तिसरा चेंडू नुसता बघत उभा राहून बाद होणाऱ्या गड्यासाठी ऑरिन इंग्रजी 'के' उलटा काढायचा. "बॅट फिरव तरी!" असं ओरडत, कागद फाटेल इतका जोर देऊन. तसे दोन उलटे 'के' होते, कागद फाटलेले.

आणि तो आपला सामना नव्हता. आपण सात विरुद्ध एकने हरलो. वहीत आपण तीन विरुद्ध दोनने जिंकलो होतो, आणि पहिल्या बेसवर होलिस ग्रेडी होता, संघाने केव्हाच विकून टाकलेला.

ही पद्धत ऑरिनने एकट्या तुला शिकवली. खरं सांग, मी खायला आणायला उठले तेव्हा तू येऊन गेलास का? आला असशील तर मी रागावणार नाही. पण न बोलता गेलास, ते बरं केलं नाहीस.

तुझी बहीण,
वर्ना


पोर्ट एल्डन
१ जून

प्रिय रसेल,

तुझं कार्ड मिळालं. "मी टेनेसीतून हललेलो नाही. मायकाला हेरन्सनी धाकट्या संघात घेतलंय, त्याला सोडून मी कशाला येऊ?" तीन वर्षांनी दोन वाक्यं! तरी ते कार्ड मी फ्रीजच्या दारावर लावलंय.

मायका आपल्या हेरन्सकडे! गसला सांगितलं तर तो उडालाच. तुझ्या नातवाचं सगळं त्याला पाठ आहे. वीस वर्षांचा, डावखुरा, चेंडू असा टाकतो की बॅट पोचायच्या आत पार. म्हणाला, "तुमच्याच घरात पोर निघालं, आता तरी आमच्या बाजूला या." मी म्हटलं, "पोर माझं आहे म्हणूनच सांगते, घाई करू नका. कच्चं पेअर पेटीत किती दिवस ठेवायचं, ते बागवाल्याला कळतं, खाणाऱ्याला नाही." सारखंच बोलतेय मी, ठाऊक आहे.

तू आला नव्हतास, यावर मी विश्वास ठेवला. मग पहारा द्यायला लागले. दुपारचे सामने, लख्ख ऊन, माणसांची गर्दी. वही बंद आहे, हे बघत मी बसते. पण संबंध सामना एकाच वस्तूकडे कोण बघू शकतं? चेंडू उंच गेला की डोळे वर जातातच. मान खाली करते तोवर एक डाव भरलेला असतो. खुर्चीखाली, डाव्या बाजूला, ऑरिन टाकायचा तशी शेंगांच्या टरफलांची छोटी रास असते. मी शेंगा खात नाही, दातांमुळे.

वहीतला संघ जिंकतच चाललाय. सगळे जुने. एकाची बदली नाही, एकाला विकलेला नाही. मला राग येत नाही, हेच मला चमत्कारिक वाटतं. मी घरी आणून ती पानं वाचते. ऑरिनसारखं बोट ठेवून वाचायला शिकले आता.

पानाच्या तळाशी राखीव गडी लिहितात, तिथे गेल्या आठवड्यात एक नवं नाव आलं. टूमी. आपला जागा दाखवणारा टूमी! मी त्याला दाखवलं. तो इतका हसला की ठसका लागला. "अखेर घेतलंन् मला! बाई, साठ वर्षं वाट बघत होतो. त्यांना सांगा, उजव्या बाजूला ठेवा, तिकडे चेंडू कमी येतात."

तू असतास तर किती बरं झालं असतं.

वर्ना


पोर्ट एल्डन
५ जुलै

प्रिय रसेल,

टूमी गेला. गेल्या मंगळवारी, जेवून खुर्चीत बसला होता. त्याच्या मुलीने आमच्या रांगेतल्या सगळ्यांना बोलावलं, आम्ही गेलो. गस लहान मुलासारखा रडला.

सोमवारच्या सामन्याचं पान माझ्यासमोर आहे. टूमीचं नाव तळातून वर आलंय. सातवा क्रमांक, उजवं मैदान. तो सोमवारी जिवंत होता रसेल. मला हात धरून त्यानेच पायऱ्या उतरवल्या.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहायची टाळली. होलिस ग्रेडी डिसेंबरात वारला, हे तूही पेपरात वाचलं असशील. मला ते तेव्हाच ठाऊक होतं. परवा मी पहिल्या पानावरची बाकीची नावं काढली आणि वाचनालयातल्या मुलीकडून एकेकाचं शोधून घेतलं. नऊही जण गेलेले आहेत. ती मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही काही पुस्तक लिहिताय का?" मी हो म्हटलं.

आता तू म्हणशील, मग वही जाळून टाक. जाळणार नाही. ते अक्षर ऑरिनचं आहे. आणि तो कुणाचं वाईट करणारा माणूस नव्हता. तो फक्त टिपतो. मैदानावर जे होतं तेच टिपायचं, आपल्या मनातलं नाही, हा त्याचा नेम होता. आठवतं? आपला गडी चुकला तरी त्याने कधी चूक झाकली नाही.

इकडे उकाडा फार आहे. मायका धाकट्या संघात सलग चार सामने जिंकला म्हणे. त्याच्या खांद्याला जप म्हणावं.

वर्ना


पोर्ट एल्डन
२४ ऑगस्ट

प्रिय रसेल,

मायका कसा आहे? जेवतो नीट? खांदा दुखतो का? धाकट्या संघाची ती बस चांगल्या स्थितीत आहे का, चालवणाऱ्याची झोप झालेली असते का? त्याला कधी चक्कर, छातीत धडधड असं काही? तू म्हणशील, म्हातारी चौकश्या फार करते. कर उत्तर द्यायची कृपा.

सप्टेंबरात वरचे संघ चार पोरं बोलावतात, त्यात त्याचं नाव आहे असं गस सांगतो. सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडतंय. रसेल, तुझा शब्द तो ऐकतो. त्याला म्हणावं, या वर्षी नको. पुढच्या वर्षी ये. इथे येऊ नको. कारण विचारू नकोस, मला लिहवत नाही.

त्याऐवजी दुसरं एक लिहिते, तेही तीन वर्षं राहिलंय.

नोव्हेंबरातल्या त्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तू टेबलावर म्हणालास, "होलिसला विकला ते झकास झालं. म्हाताऱ्यांना कळायला हवं, कधी उठायचं ते. नाहीतर उचलून बाहेर ठेवावं लागतं." समोर ऑरिन नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसला होता. मी तुला ताटावरून उठवलं, कोट अंगावर फेकला आणि दार लावलं. फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा अंत्यविधीला तुला मागच्या रांगेत बसवलं. तू बोललास म्हणून त्याने हाय खाल्ली, असं मी चारचौघांत म्हटलं. तुझ्या कानावर गेलंच असणार.

ते खोटं होतं. त्या रात्री भांडी आवरताना ऑरिन मला म्हणाला, "रसेल बरोबर बोलला गं. जुन्याने आपणहून उठावं. पोर तयार होईपर्यंत त्याला धक्का लागू देऊ नये, आणि तयार झालं की आपणहून उठावं." आणि हसला. तुझ्यावर तो कधीच रागावला नव्हता. मला कुणावर तरी रागवायचं होतं, तू हाताशी होतास.

क्षमा कर म्हणायची मला लाज वाटते, पण म्हणते. आणि मायकाला अडव. एवढं कर.

वर्ना


पोर्ट एल्डन
१५ सप्टेंबर

माझ्या रसेल,

फोनवर तू ओरडलास ते बरोबरच होतं. "अगं, आयुष्यभर तुझं हेच! पोरगं वर आलं की तुझ्या पोटात दुखतं. होलिससाठी रडलीस, आता माझ्या नातवाच्या वाटेत आडवी येतेस!"   आणि तू फोन आपटलास.

आता सगळं सांगते.

ऑगस्टच्या मध्यावर राखीव गड्यांत नाव आलं, एम. हॉर्नबी. माझ्या माहेरचं आडनाव, तुझं आणि मायकाचं, ऑरिनच्या अक्षरात.  मी रबराने खोडलं. पुढच्या डावात ते परत होतं. पान फाडलं, तर दुसऱ्या दिवशीच्या पानावर होतं. वही घरी ठेवून गेले, तर परत येऊन पाहते तो स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडी, आणि टेबलाखाली टरफलं. शेवटी मैदानावर त्याच्या रिकाम्या खुर्चीशी भर दुपारी भांडले. "ऑरिन, तो वीस वर्षांचा आहे!" गसने वळून पाहिलं आणि मला त्याच्यातलं लिंबूसरबत दिलं.

मग मायका आला. तुझ्या त्या फोननंतर तीनच दिवसांनी. वरच्या संघात आल्या आल्या तो माझा पत्ता शोधत दारात उभा. किती उंच झालाय! भांडं रिकामं होईपर्यंत माझा गोमांसाचा रस्सा जेवला, आणि ताटली स्वतः धुतली. म्हणाला, "वर्ना आजी, आजोबांना सांगू नका, पण मला भीती वाटते. सगळे म्हणतात हाच संघ वाचवणार. मला अजून वळणारा चेंडू नीट पडत नाही." मी विचारलं, मग कुणी शिकवत नाही का? तर म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी शिबिरात होलिस ग्रेडी आले होते. स्वतः चेंडू टाकणारे पिचर नव्हते, पण ते म्हणाले, मी वीस वर्षं हा चेंडू खाल्लाय, कुठे दुखतो ते मला ठाऊक आहे. चांगले होते हो."

त्याचा डावा हात टेबलावर होता. त्या हाताकडे बघून मी ठरवलं.

काल दुपारी धुकं आलं. सरोवरावरून असं सरकत आलं की चौथ्या डावात पंचांनी खेळ थांबवला. मैदान दिसेना, माणसं दिसेनात, गसची पाठही दिसेना.  आणि त्या पांढऱ्यात मला बॅटचा आवाज आला, कुणीतरी चेंडू मारला. मग हातमोज्यात चेंडू बसल्याचा. मग दूरवरून टूमीचा ठसका. कुणी खेळत होतं, रसेल. माझ्या शेजारच्या खुर्चीची बैठक खाली दबली होती, कुणी बसल्यावर दबते तशी.

वही मांडीवर घेतली. मायकाचं नाव तळातून वर आलं होतं. नववा क्रमांक, पिचर. ऑरिनच्या वहीत अजून जुना नियम आहे, पिचरलाही बॅट घ्यावी लागते. त्याच्या पहिल्या पाळीचा चौकोन अजून कोरा होता.

खोडून चालत नाही, हे मला कळलं होतं. ऑरिन खाडाखोड मानायचाच नाही. पण बदली तो मानायचा. किती वेळा कानीकपाळी ओरडला असेल, "खेळाडू नुसता गायब होत नाही वर्ना. त्याच्या जागी कुणी यावं लागतं, त्याच क्रमांकावर. आणि एकदा बाहेर काढलेला त्या सामन्यात परत येत नाही." तुला हे शिकवताना मी शेजारी बसून कंटाळायचे.

मी पेन्सिल काढली. मायकाच्या चौकोनासमोर, ऑरिन काढायचा तशी उभी रेघ मारली. आणि खाली माझं नाव लिहिलं. व्ही. केसलर. मी आणि पिचर! माझा चेंडू कॅचरपर्यंत घरंगळतसुद्धा जायचा नाही.

नाव पुसलं गेलं नाही. मी बघत राहिले, डोळे वर केले नाहीत. थोड्या वेळाने नावापुढे एक चांदणी उमटली. हळूहळू, एकेक टोक. असामान्य झेल पाहिला की ऑरिन चांदणी काढायचा. वर्षाकाठी तीन-चार, त्याहून जास्त नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, मला पहिलीच.

मग धुकं उठलं आणि गस म्हणाला, "वर्नाबाई, रडताय कशाला, आपण दोन धावांनी पुढे आहोत!"

तेव्हा रसेल, तू चुकीचं समजलास. मी पोराच्या वाटेत आडवी आले खरी, पण ती वाट वेगळी होती. माझं मत अजूनही तसूभर बदललेलं नाही. तुम्ही सगळे पोरांची घाई करता. त्या संघात तरी जुन्यांचा हक्क आधी, पोराने आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसावं. साठ वर्षं बसावं, टूमीसारखं. आणि जुन्याने आपणहून उठावं, तेही मला आता मान्य आहे. म्हणजे या वादात तूही जिंकलास, मीही. असं पहिल्यांदाच झालं असेल.

मला भीती वाटते का? वाटते. काल घरी येऊन सगळे दिवे लावून बसले. पण मी उभ्या उभ्या बघत बाद होणार नाही. उलटा 'के' माझ्या नावापुढे काढायची ऑरिनची हिंमत नाही.

रविवारी दुपारी मायका इथे पहिल्यांदा चेंडू टाकणार आहे. तू ये. बस पकड, गाडी हाक, काहीही कर. तिकीट सोबत ठेवलंय, माझ्या जागेचं. ऑरिनच्या खुर्चीवर वही असेल, ती उघडू नकोस आणि हलवूही नकोस. मी तुझ्या शेजारी पायऱ्यांवर बसलेली असेन, किंवा नसेन. नसले तर गसला सरबत पाज, आणि सामना संपेपर्यंत मायकाला काही सांगू नकोस. त्याला वाटू दे, म्हातारीला त्याचा खेळ बघायला यायचं नव्हतं. चिडून चांगला टाकेल.

वळणाऱ्या चेंडूची घाई करू नको म्हणावं.

तुझी थोरली बहीण,
वर्ना
नववा क्रमांक, मायकाच्या जागी